उपकरणाचे इतिवृत्त : आटोपशीर उत्पादनपद्धती आणि उत्पादनाची नोंदप्रणाली

१. विषयाची मांडणी

मोडलेल्या हाडाला आधार देणारी पोलादी प्लेट कारखान्यात काही मिनिटांच्या यंत्रकामातून आकाराला येते. रोग्याच्या शरीरात मात्र ती कित्येक वर्षे, पुष्कळदा आयुष्यभर राहते. पुढे केव्हातरी तिच्याविषयी शंका उपस्थित झाली, तर ती कोणत्या कांबीतून, कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर व कोणाच्या हातून घडली, हे सांगता आले पाहिजे. वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनाचे वैशिष्ट्य यातच आहे. येथे एकाच वेळी दोन गोष्टी तयार होत असतात : एक उपकरण आणि दुसरे त्या उपकरणाचे इतिवृत्त. पहिली गोष्ट निर्दोष असून दुसरी सदोष असेल, तर नियमाच्या दृष्टीने माल विक्रीस अयोग्य ठरतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानदारीत दोन विचारप्रवाह स्वतंत्रपणे वाढले. एकाचे उगमस्थान जपानातील मोटारींचा कारखाना होय. निरर्थक श्रम, निरर्थक साठा आणि निरर्थक प्रतीक्षा काढून टाकणे हे त्याचे सूत्र. दुसरा प्रवाह नोंदीचा. जे घडले ते सर्व लिहून ठेवावे आणि लिहिलेले पुढे तपासता यावे, हे त्याचे सूत्र. पहिल्याला कागद हा अडथळा वाटतो, तर दुसऱ्याला कागदाचा अभाव हा अपराध वाटतो. या दोहोंची गाठ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात पडली आणि ती सोडविण्यासाठी उत्पादनाच्या संगणकीय प्रणालींचा आधार घेण्यात आला. या संगमाचे खरे फलित कोणते आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ज्या पद्धतीला इंग्रजीत ‘लीन’ म्हणतात, तिला मराठीत तसेच ‘लीन’ लिहिण्याचा प्रघात कारखान्यांत पडला आहे. परंतु मराठीत ‘लीन’ म्हणजे नम्र किंवा तल्लीन. ‘लीन उत्पादन’ हा शब्दप्रयोग वाचून मराठी माणसास जो अर्थबोध होईल, तो मूळ कल्पनेपासून फार दूरचा असेल. ज्यात पसारा नाही, पण उणेपणाही नाही, अशा कामास आपण ‘आटोपशीर’ म्हणतो. म्हणून येथे ‘आटोपशीर उत्पादन’ हा शब्द योजिला आहे.

२. सुश्रुताची दोषगणना

शस्त्रक्रियेच्या साधनांची वर्गवारी आणि त्यांच्या दोषांची मोजदाद ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या व आठव्या अध्यायांत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, यंत्रांचे बारा व शस्त्रांचे आठ दोषही तेथे नावानिशी दिले आहेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडे, सैल, पकड न घेणारे, विषम पकड घेणारे, अशी यंत्रदोषांची यादी आजच्या तपासणी-तक्त्यासारखीच वाटते. शस्त्रदोषांत खरखरीत धारेचा समावेश आहे, परंतु करवतीचा त्याला अपवाद केला आहे. हाड कापावयाचे असल्याने करवतीची धार खरखरीतच असली पाहिजे. दोष हा वस्तूच्या अंगी नसून तिच्या प्रयोजनाच्या संदर्भात ठरतो, हे तत्त्व येथे स्वच्छ दिसते. केस कापला जाईल इतकी धार असावी, ही धारेची कसोटीही तेथे सांगितलेली आहे.

या विवेचनात प्रत्येक शस्त्राची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा विचार मात्र नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. चांगल्या लोखंडाची शस्त्रे कुशल लोहाराकडून करून घ्यावीत, असे सांगणारा वैद्य त्या लोहाराला ओळखत होता. करणारा, वापरणारा आणि रोगी हे तिघे एकमेकांच्या परिचयाच्या कक्षेत होते. शस्त्र बिघडले तर कोणाकडे जावयाचे, हे विचारण्याचीही गरज नव्हती. औद्योगिक युगात हा परिचय तुटला. ज्या कामगाराने स्क्रूची आटी पाडली, त्याला तो स्क्रू कोणाच्या मांडीत बसला हे कळत नाही, आणि रोग्याला कारखान्याचे नावही ठाऊक नसते. तुटलेल्या परिचयाच्या जागी जी गोष्ट आली, ती म्हणजे नोंद. नोंदीकडे केवळ दप्तरी उपद्व्याप म्हणून पाहणाऱ्यांनी तिचे हे मूळ विसरू नये.

३. मागापासून फलकापर्यंत

आटोपशीर उत्पादनाचे मूळ मोटारीत नसून कापडाच्या मागात आहे. निजामकाळात उभ्या राहिलेल्या नांदेडच्या उस्मानशाही मिलची आठवण ज्यांना आहे, त्यांना ताण्याचा धागा तुटणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि सदोष कापड विणले जाते. म्हणून विणकराला मागाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. जपानातील साकिची तोयोदा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग तयार केले. १९२४ साली पूर्णत्वास गेलेल्या त्यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ साली लँकेशायरमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने विकत घेतले. मागांची जन्मभूमी म्हणून ज्या प्रांताचा लौकिक होता, तोच जपानी मागाचा ग्राहक झाला, ही घटना उद्योगाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबावे, या तत्त्वाला जपानीत ‘जिदोका’ म्हणतात. या शब्दाच्या लेखनात एक अर्थपूर्ण बदल केलेला आहे. ‘स्वयंचलन’ या अर्थाच्या नेहमीच्या चिन्हसमूहातील ‘चलन’ दर्शविणाऱ्या चिन्हाला ‘मनुष्य’ दर्शविणारा अवयव जोडण्यात आला. उच्चार तोच राहिला, परंतु लिहिताना यंत्रात माणूस आला. नुसते चालणारे यंत्र आणि माणसासारखी समज असलेले यंत्र यांतील भेद एका रेखाटनाने दाखविणारे असे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला सहसा सापडत नाही.

तोयोदांच्या घराण्याने १९३७ साली मोटारींची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तेथे ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जी पद्धत बसविली, तिचे दुसरे साधन ‘कान्बान’ होय. दुकानाच्या पाटीला जपानीत हा शब्द आहे. पुढच्या टप्प्याने जेवढे भाग उचलले, तेवढेच मागच्या टप्प्याने करावेत, यासाठी भागांच्या पेटीबरोबर एक पत्रक फिरते. ते परत आल्यावाचून नवे काम सुरू होत नाही. अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल, असे अपव्ययाचे सात प्रकार ओनो यांनी मानले. शिगेओ शिंगो यांनी यंत्रावरील साचा बदलण्याचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणण्याची रीत आणि चूक घडूच न देणारी साधी योजना यांचा पुरस्कार केला. या योजनेला आरंभी ‘मूर्खापासून बचाव’ अशा अर्थाचे नाव होते. एका कामगार स्त्रीला ते लागले, म्हणून शिंगो यांनी ते ‘अनवधानापासून बचाव’ अशा अर्थाने बदलून ‘पोका-योके’ केले. चूक माणसाच्या बुद्धीत नसून कामाच्या रचनेत असते, ही भूमिका त्या शब्दांतरात आहे.

ओनो यांचा ग्रंथ जपानीत १९७८ साली आणि इंग्रजीत १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याच १९८८ साली जॉन क्रॅफचिक यांनी एका लेखात ‘लीन’ हे विशेषण वापरले, आणि वोमॅक, जोन्स व रूस यांच्या १९९० सालच्या ग्रंथाने ते जगभर रूढ केले. म्हणजे ज्या नावाने ही पद्धत आज ओळखली जाते, ते तिच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी परक्यांनी ठेवलेले नाव होय.

४. नोंदीची परंपरा

दुसऱ्या प्रवाहाचे दोन उपप्रवाह आहेत. पहिला नियोजनाचा. कोणत्या मालासाठी कोणते सुटे भाग केव्हा लागतील याचा हिशेब संगणकाकडून करून घेण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी विकसित केली व १९७५ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे तिच्यात हिशेब, खरेदी, भांडार इत्यादी शाखा मिळून संपूर्ण कंपनीची एकच संगणकीय कीर्द-खतावणी तयार झाली. तथापि ही प्रणाली शॉप फ्लोअरवरील क्षणाक्षणाचे काम पाहत नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी १९९० नंतर शॉप फ्लोअरच्या स्वतंत्र प्रणाली पुढे आल्या. लेखाचा विषय असलेले ‘उत्पादनाचे सॉफ्टवेअर’ ते हेच.

दुसरा उपप्रवाह कायद्याचा. अमेरिकेत डाल्कन शील्ड या गर्भनिरोधक साधनाने अनेक स्त्रियांना इजा झाल्यानंतर १९७६ साली वैद्यकीय उपकरणांविषयीची कायदेदुरुस्ती संमत झाली आणि १९७८ साली उत्तम उत्पादनरीतीचे नियम आले. १९९६ साली त्यांची फेररचना झाली. प्रत्येक लॉटची जी संचिका ठेवावी लागे, तिला त्या नियमांत ‘उपकरणाचा इतिहासलेख’ अशा अर्थाचे नाव होते. १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंद व स्वाक्षरी यांनाही अटींसह मान्यता मिळाली. गुणवत्ता-व्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. १३४८५ हे १९९६ साली प्रथम निघाले आणि २००३ व २०१६ साली सुधारले गेले. अमेरिकेने २०२४ साली जाहीर केलेल्या सुधारित नियमाने आपली भाषा या मानकाशी जुळवून घेतली, आणि त्यात ‘इतिहासलेख’ ही जुनी संज्ञा गळाली. संज्ञा गेली तरी कर्तव्य कायम आहे.

५. विरोधाची तीन स्थळे

वरील दोन प्रवाह एका छपराखाली आले, तेव्हा त्यांचा संघर्ष प्रामुख्याने तीन ठिकाणी झाला.

पहिले स्थळ निर्जंतुकीकरणाचे. आटोपशीर पद्धतीचा आदर्श असा की, एकेक नग एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सरळ जावा आणि मध्ये ढीग साचू नये. परंतु कॅथेटरसारखी साधने इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करावयाची असतील, तर ती एकत्र कोठडीत भरावी लागतात. आधी उष्णता व आर्द्रता, नंतर वायूचा संपर्क, नंतर शरीराला घातक असा उरलेला वायू निघून जाण्यासाठी हवा देणे, असा हा क्रम आहे. सोबत ठेवलेले जीवाणूंचे बीजाणू खरोखर मेले की नाही, हेही तपासावे लागते. येथे ढीग हा आळसाचा परिणाम नसून शास्त्राची गरज आहे. मोटारीच्या कारखान्यातील सूत्र येथे जसेच्या तसे लावणे म्हणजे सुश्रुताने करवतीसाठी केलेला अपवाद विसरणे होय.

दुसरे स्थळ बदलाचे. जपानी पद्धतीत कामगाराने रोज लहानलहान सुधारणा सुचवाव्यात आणि त्या लगेच अमलात याव्यात, अशी अपेक्षा असते. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मात्र धुण्याच्या पाण्याचे तापमान बदलावयाचे तरी परिणामाची तपासणी, मंजुरी व नोंद लागते. प्रक्रिया संगणकाधीन असेल तर त्या संगणकाची प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालते हेही सिद्ध करून दाखवावे लागते. परिणामी कामगाराची सूचना महिनोन्‌महिने पडून राहते आणि हळूहळू तो सूचना करणेच सोडून देतो. हा अपव्यय ओनो यांच्या सात प्रकारांत नाही, पण तो त्या सातांहून अधिक हानिकारक आहे.

तिसरे स्थळ कागदाच्या तपासणीचे. एका लॉटच्या संचिकेत कांबीच्या हीट नंबरपासून अखेरच्या लेबलापर्यंत अनेक पाने असतात. माल बांधून तयार झाला तरी ती सर्व पाने कोणीतरी वाचून सही करीपर्यंत तो गुदामात अडकतो. एखाद्या रकान्यात तारीख राहिली, की संचिका परत खाली जाते आणि ज्याने ते काम केले त्याला शोधावे लागते. जेथे नग काही मिनिटांत तयार होतो, तेथे त्याची संचिका वाचण्यास कित्येक दिवस लागतात, ही विसंगती होती.

६. बखर आणि रोजकीर्द

या तिसऱ्या स्थळीच संगमाचे खरे रहस्य आहे, आणि ते समजून घेण्यास मराठ्यांच्या इतिहासलेखनाची परंपरा उपयोगी पडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना त्यांनी अधिक प्रमाण मानले. बखर घटनेनंतर, पुष्कळदा पिढ्या उलटल्यावर, आठवणीवरून आणि कोणाच्या तरी आज्ञेने लिहिली जाते. रोजकीर्द त्या त्या दिवशी, व्यवहार घडताना लिहिली जाते. बखर वाचनीय असते, तर रोजकीर्द रुक्ष असते. तथापि पुराव्याच्या तराजूत रोजकीर्दीचे पारडे जड आहे.

कारखान्यातील कागदी संचिका नियमानुसार रोजकीर्द असावयास हवी, परंतु व्यवहारात ती बखर होण्याकडे झुकते. शिफ्ट संपताना ऑपरेटर दिवसभराची मापे आठवून भरतो. सर्व आकडे एकाच शाईत, एकाच वळणात आणि संशयास्पद सारखेपणाने उतरतात. यात लबाडीच असते असे नव्हे. हात यंत्रावर गुंतलेले असताना लिहिणे हे वेगळे काम ठरते, आणि वेगळे ठरलेले काम माणूस मागे ढकलतो.

उत्पादनाची प्रणाली नीट बसविली असता लिहिणे हे वेगळे काम राहत नाही. स्टोअरमधून आलेल्या कांबीवरील बारकोड वाचल्यावाचून लेथवर जॉब सुरू होत नाही. मोजमापाच्या उपकरणाच्या अंशशोधनाची मुदत संपली असेल, तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही. माप उपकरणातून सरळ नोंदीत उतरते आणि ते मर्यादेबाहेर गेले की काम तेथेच थांबते. तोयोदांच्या मागावर तुटलेल्या धाग्याने जे घडत असे, ते आता तुटलेल्या नोंदीनेही घडते. एक लॉट संपवून दुसरा घेताना आधीच्या लॉटची लेबले व सुटे नग मेजावर उरले नाहीत याची खात्री करावी लागते, कारण एक शिल्लक लेबल चुकीच्या पेटीवर गेले तर सारी संचिका खोटी ठरते. शिंगो यांची जलद बदलाची रीत आणि मोजलेल्या लेबलांचा हिशेब ठेवणारी प्रणाली येथे हातात हात घालून चालतात. शेवटी गुणवत्ता विभागाला सर्व पाने वाचावी लागत नाहीत. जेथे नियमभंग झाला तेवढेच पाहून तो निर्णय देऊ शकतो आणि गुदामातील प्रतीक्षा संपते.

म्हणून या संगमाचे मुख्य फल वेग हे नव्हे. वेग हा आनुषंगिक लाभ आहे. नोंद समकालीन झाली, बखरीची रोजकीर्द झाली, हे मुख्य फल होय.

यास एक पुरवणी जोडणे अवश्य आहे. संगणकात असलेली प्रत्येक नोंद समकालीन असतेच असे नाही. ऑपरेटरने दहा नगांचे बारकोड एकत्र चिकटवून ठेवले आणि शिफ्टअखेर एकदम वाचून टाकले, तर प्रणाली क्षण बिनचूक लिहील, पण तो क्षण कामाचा नसून वाचनाचा असेल. अशा नोंदी छापील दिसल्या तरी बखरीच होत. असे का घडते याचा शोध घेतला असता बहुधा वाचकयंत्र दूर आहे, पडद्यावरील सूचना परक्या भाषेत आहे, किंवा एका नगासाठी पाच ठिकाणी बोट लावावे लागते, असे आढळेल. तात्पर्य, आधी कामाची घडी आटोपशीर करावी आणि मग तिच्यावर प्रणाली बसवावी. हा क्रम उलटला तर पसारा तसाच राहतो आणि केवळ तो संगणकाच्या वेगाने चालू लागतो.

७. महाराष्ट्रातील भूमी

या दोन्ही परंपरा महाराष्ट्रात उपऱ्या नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीची उभारणी केली, आणि त्याच घराण्याने १९९७ साली टोयोटाशी भागीदारी करून कर्नाटकात बिडदी येथे मोटारींचा कारखाना काढला. मराठवाड्यात वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या अनुषंगाने सुटे भाग करणाऱ्या अनेक लहान कारखान्यांना मोजमापाची व वेळेची शिस्त लागली. टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे नवा कारखाना उभारण्यासाठी ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आहे. मागापासून निघालेली परंपरा अशा रीतीने आपल्या विभागाच्या उंबरठ्यावर आली आहे.

वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत फिलिप्सने २००८ साली अल्फा एक्स-रे आणि मेडिट्रॉनिक्स या मुंबईच्या दोन कंपन्या घेतल्या व पुढे चाकण येथे प्रतिमा-उपकरणांचे उत्पादन केंद्र उभारले. अस्थिशल्याच्या क्षेत्रात सुश्रुत सर्जिकल्सच्या नाममुद्रा व मालमत्ता आणि तिच्याशी संलग्न अ‍ॅडलर मेडिइक्विप ही कंपनी स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने २०१३ साली घेतली. एकशे एक यंत्रे सांगणाऱ्या आचार्याचे नाव धारण करणारा भारतीय उद्योग जागतिक बाजाराच्या साखळीत गुंफला जाणे, यात कालगतीचे एक दर्शन आहे.

कायदा मात्र उद्योगाच्या मागून आला. भारतात ऑक्टोबर २००५ मध्ये स्टेंट, कॅथेटर, अस्थिरोपणे इत्यादी मोजक्या उपकरणांना औषधांच्या कायद्याखाली आणण्यात आले. स्वतंत्र वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली निघून १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांच्या पाचव्या अनुसूचीतील गुणवत्ता-व्यवस्था आय.एस.ओ. १३४८५ च्या धर्तीवर आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली.

८. फाटकाबाहेरची नोंद

कारखान्यातील इतिवृत्त कितीही अस्सल असले, तरी ते फाटकाशी संपले तर काय होते, याचे उदाहरण कृत्रिम खुब्याच्या प्रकरणाने दिले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीने आपला ए.एस.आर. हा धातूचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविण्यात आले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी पोलिसांत तक्रार दिली. पुढे केंद्र शासनाने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ साली प्रकाशात आला, तेव्हा ३,६०० हून अधिक रोग्यांचा ठावठिकाणा लागत नसल्याचे उघड झाले. सांध्यावर क्रमांक होता. पण क्रमांकापासून माणसापर्यंत जाणारी वाट मध्येच पुसली गेली होती. ज्यांच्या रक्तात धातूचे कण मिसळत असण्याची शक्यता होती, त्यांना ते सांगणार कोण व कसे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

लहान शहरांतील अस्थिशल्यात ही वाट आणखी सहज पुसली जाते. प्लेट व स्क्रू पुष्कळदा संचाच्या ट्रेमधून येतात. एका शस्त्रक्रियेत चार स्क्रू वापरले, की विक्रेता तेवढेच चार नवे भरतो. ही ओनो यांची कान्बान पद्धतच होय, जेवढे उचलले तेवढेच भरणे. परंतु भरलेले स्क्रू वेगळ्या लॉटचे असतात आणि काही फेऱ्यांनंतर एका ट्रेमध्ये अनेक लॉट मिसळतात. प्रवाह अखंड राहिला, पण इतिवृत्त तुटले. आटोपशीरपणा नोंदीवाचून एकटा पडला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

यापुढील अडचण भाषेची आहे आणि निलंग्यासारख्या ठिकाणी ती विशेष जाणवते. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. येथे १९४५ साली जन्मलेला माणूस गाव न सोडता तीन जिल्ह्यांचा रहिवासी झाला. त्याच्या वडिलांची कागदपत्रे उर्दूत, त्याची स्वतःची मराठीत आणि रुग्णालयातील केसपेपर रोमन लिपीत. त्याचे नाव एका ठिकाणी वडिलांच्या नावासह, दुसऱ्या ठिकाणी केवळ आडनावाने, तर तिसऱ्या ठिकाणी वेगळ्याच रोमन वर्णलेखनाने लिहिलेले असते. माणूस ते सर्व एकच आहे हे ओळखतो. संगणकाला मात्र ती तीन माणसे दिसतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज किती भासली हे आपण पाहिले. नोंद लिहिताना तिचा उपयोग ठाऊक नसतो. तो दोन पिढ्यांनंतर कळतो, आणि तोवर वाचणारा उरला नसेल तर नोंद असून नसल्यासारखीच होते.

९. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. आटोपशीर पद्धत आणि उत्पादनाची प्रणाली यांचा संगम हा खर्च वाचविण्याचा उपाय म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेही. परंतु वैद्यकीय उपकरणांच्या संदर्भात त्याचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. करणारा व भोगणारा यांच्यातील तुटलेला परिचय समकालीन, विश्वसनीय नोंदीने पुन्हा जोडण्याचा तो प्रयत्न आहे. कारखान्याच्या भिंतींच्या आत तो बऱ्याच अंशी साध्य होऊ शकतो. भिंतींच्या बाहेर, विक्रेत्याच्या ट्रेपासून तालुक्याच्या केसपेपरपर्यंत, तो अजून अपुरा आहे.

हे अपुरे काम केवळ अभियंत्यांचे नाही. मराठी नावांच्या रोमन लेखनाचे नियम, ग्रामनामांतील बदलांची सूची, शॉप फ्लोअरवर मराठी कामगार प्रत्यक्ष वापरतात त्या शब्दांचा संग्रह, पडद्यावरील सूचनांची सुबोध मराठी, ही सर्व भाषाभ्यासकाच्या क्षेत्रातील कामे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. वाळूज, चाकण व लातूरच्या औद्योगिक वसाहतींत आणि तालुक्याच्या रुग्णालयांच्या दप्तरांत असे विषय विपुल आहेत. त्यांतील एखाद्या नीट केलेल्या सूचीमुळे उद्या एखाद्या रोग्यापर्यंत वेळेवर निरोप पोहोचला, तर त्या संशोधनाचे चीज झाले असे म्हणता येईल.